पुण्याच्या पेठांत भाड्याने राहायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी 2009 साली जालन्याहून स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात आलो. पहिली तीन वर्षं नारायण पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन काढली. लग्नानंतर सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्या घेतल्या आणि आता शुक्रवार पेठेत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. तिन्ही ठिकाणी भाडेकरूच. गावाकडून कुणाचा मुलगा, कुणाची पुतणी पुण्याला निघाली की फोन मला येतो. प्रश्न दरवेळी तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. घर विकत घेण्याबद्दल इथे काही नाही, तो माझा प्रांत नव्हे.

पेठा म्हणजे नक्की कुठला भाग? सगळीकडे सारखंच असतं का?

मुठेच्या उजव्या काठावरचं जुनं शहर. सात वारांच्या सात पेठा आहेत, त्याखेरीज कसबा, सदाशिव, नारायण, नवी, नाना, भवानी, रास्ता, गंज, गणेश, घोरपडे वगैरे. कसबा सगळ्यांत जुनी. सदाशिव पेठ पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाची, नारायण पेठ नारायणराव पेशव्यांच्या. गंज पेठेचं आताचं नाव महात्मा फुले पेठ, फुलेवाडा तिथेच आहे.

सारखं अजिबात नसतं. विद्यार्थ्यांच्या खोल्या, मेस आणि अभ्यासिका सदाशिव, नारायण आणि नवी पेठेत एकवटल्यात. अलका चौक, पेरुगेट, शास्त्री रस्ता या टापूत सकाळी सहाला निघालात तर रस्त्यावर दुसरं कुणी दिसणार नाही, नुसती पाठीवर सॅक घेतलेली पोरं. बुधवार पेठेत अप्पा बळवंत चौकाची पुस्तकं आणि पासोड्या विठोबाकडची इलेक्ट्रिकची दुकानं आहेत. रविवार पेठेत बोहरी आळीचा बाजार, नाना पेठेत गाड्यांचे सुटे भाग, कसब्यात तांबट आळी. दिवसभर तांब्यावर हातोडा पडतो त्या गल्लीत खोली घेऊन अभ्यास करणार असाल, तर तुमच्या एकाग्रतेला माझा नमस्कार.

लोक पूर्वेकडच्या पेठांकडे बघतही नाहीत, हे मला कधी पटलं नाही. नाना, भवानी, रास्ता पेठेत कुटुंबाला जरा मोठी जागा त्याच पैशांत मिळते. शिवाय पुणे स्टेशन जवळ पडतं आणि रास्ता पेठेत मोठं हॉस्पिटलही आहे. पण आपल्याकडे "पुण्यात कुठे?" याचं उत्तर "सदाशिव पेठ" असलं की गावात भाव वाढतो.

शहराच्या मधोमध असून भाडं कमी कसं?

मला सगळ्यांत आवडणारा प्रश्न हाच, आणि नेमका हाच कुणी विचारत नाही. स्वस्त मिळतंय म्हटलं की लोक टोकन देऊन मोकळे होतात. आधी सांगतो, सगळंच स्वस्त नाही. लक्ष्मी रस्त्याजवळच्या नव्या इमारतीतला फ्लॅट कोथरूडच्या तोडीस तोड भाडं मागतो. स्वस्त असतात त्या वाड्यांतल्या आणि पन्नास-साठ वर्षं जुन्या इमारतींतल्या खोल्या. त्याला कारणं आहेत.

पहिलं कारण कायद्याचं. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला गोठवली. वाड्यातला जुना भाडेकरू त्यामुळे महिना तीस-चाळीस रुपये देत राहिला. पुढे 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, तो 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. चाळीस रुपयांवर चार टक्के म्हणजे एक रुपया साठ पैसे. एवढ्यात मालक कौलं कुठून बदलणार? त्याने डागडुजी सोडली, भाडेकरूने स्वतःच्या खिशातून करायची म्हटलं तर मालकाला ते खपत नाही, आणि वाडा दोघांच्या मध्ये खचत गेला.

दुसरं कारण वारस. आजोबांच्या नावावरचा वाडा, त्याला सतरा वारस, त्यातले दोन अमेरिकेत, एक कोर्टात. विकायचा तर सतरा सह्या हव्यात. सह्या जमेपर्यंत मधल्या दोन खोल्या कॉट बेसिसवर देऊन काहीतरी येत राहतं.

तिसरं कारण फक्त शनिवारवाड्याच्या आसपास लागू होतं. शनिवारवाडा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. 2010 च्या कायदादुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी घेऊनच करावं लागतं. शनिवार आणि कसबा पेठेतले कितीतरी वाडे यात अडकलेत. पाडता येत नाहीत, राखायला पैसा नाही.

म्हणजे भाडं कमी आहे कारण इमारत कुठेतरी अडकलेली आहे. कुठे अडकलीय ते मालकाला सरळ विचारा. पेठेतला मालक या विषयावर फार मोकळेपणाने बोलतो, चुलतभावाची तर सगळी कुंडली मांडतो.

कॉट बेसिस म्हणजे काय? त्यात काय काय मिळतं?

खोली नाही, खोलीतली एक खाट भाड्याने. एका खोलीत तीन ते सहा खाटा, भिंतीतलं किंवा लोखंडी एक कपाट, सामाईक मोरी-संडास. बहुतेक ठिकाणी स्वयंपाकाला बंदी असते. डिपॉझिट एक किंवा दोन महिन्यांचं. लाइटबिल भाड्यात धरलंय की माणशी वाटून, हे पहिल्या दिवशीच ठरवा. उन्हाळ्यात एकाने कूलर आणला की उरलेले चार जण त्याच्याशी बोलणं सोडतात, हे मी स्वतः पाहिलंय. तो कूलरवाला मीच होतो.

खाटेवर गादी आहे का बघा, नुसती प्लाय असते. खिडकीजवळची खाट मागून घ्या, पण पावसाळ्यात तीच भिजते. आणि खोलीत आधी कोण राहतं ते भेटून या. चार जणांतला एक जरी रात्रभर व्हिडिओवर लेक्चर लावणारा निघाला तर तुमची झोप गेली.

जेवण मेसला. मेसचा एक शब्द लक्षात ठेवा: खाडा. तुम्ही गावी गेलात तर न जेवलेल्या दिवसांचे पैसे वळते होतात का, किती दिवसांच्या वरचा खाडा धरतात, आधी कळवावं लागतं का, हे मेस लावताना विचारा. दिवाळीहून परत आल्यावर विचारलंत तर उत्तर वेगळं मिळतं. अभ्यास खोलीवर होत नाही, त्यासाठी अभ्यासिकेत महिन्याच्या बोलीवर खुर्ची घ्यावी लागते. म्हणजे खाट, मेस आणि अभ्यासिका असे तीन खर्च वेगळे धरा. नुसत्या खाटेचा आकडा ऐकून घरी "स्वस्तात झालं" म्हणून सांगू नका.

खोली शोधायची कशी? एजंट घेऊ का?

कॉट बेसिससाठी एजंटची गरज नाही. विजेच्या खांबांवर, मेसच्या दारावर, अभ्यासिकेच्या फळ्यावर चिठ्ठ्या लावलेल्या असतात. एका मेसमध्ये जेवायला बसून शेजारच्याला विचारलंत तर संध्याकाळपर्यंत तीन खोल्या दिसतात. परीक्षेच्या निकालानंतर बऱ्याच खाटा मोकळ्या होतात. काही जण पास होऊन जातात, जास्त जण नाद सोडून जातात.

कुटुंबासाठी फ्लॅट हवा असेल तर एजंट लागतोच, आणि एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून जातं. किराणा दुकानदाराला आधी विचारून पाहा. माझी आत्ताची जागा इस्त्रीवाल्याने सांगितली.

फोनवर फोटो पाहून, जागा न बघता "टोकन पाठवा, दुसरी पार्टी तयार आहे" म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. जागा खरी असते, फोटो खरे असतात, माणूस मालक नसतो.

पत्ते देवळांवरून सांगतात याची तयारी ठेवा. खुन्या मुरलीधर, पत्र्या मारुती, उपाशी विठोबा, चिमण्या गणपती, भिकारदास मारुती. मॅपवर घरनंबर टाकून काही उपयोग होत नाही, कारण 1206 च्या शेजारी 1207 असेलच असं नाही.

वाड्यातली खोली पाहायला गेल्यावर काय बघायचं?

इथे घाई करू नका. खोलीत शिरायच्या आधी वाडा बघा. दिंडी दरवाज्यातून आत गेलात की चौकात उभे राहा आणि वर बघा. लाकडी तुळई मधेच खाली झुकलीय का? कुठे लोखंडी टेकू दिलाय का? एका कोपऱ्यावर निळं प्लॅस्टिक बांधलंय का? टेकू जुना असेल तर फारसं घाबरू नका. नवा कोरा असेल तर तो का लागला ते विचारा.

मग खांब. वाड्याचा सगळा भार सागवानी खांबांवर असतो, भिंती नुसत्या भरणीच्या. खांब दगडी तळखड्यावर टेकतो तिथे, जमिनीपासून वीतभर उंचीवर किल्लीने ठोका. टणक आवाज आला तर ठीक. पोकळ आवाज आला, किंवा किल्लीचं टोक आत गेलं, तर वाळवी आहे. आम्ही वाडा बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी हे केलं होतं. मालक म्हणाले, "तुम्ही सुतार का?" सासरे म्हणाले, "नाही, मुलीचा बाप."

छत कडीपाटाचं असतं: लाकडी कड्या, त्यावर फळ्या, त्यावर मातीचा थर आणि वर फरशी. वरच्या मजल्यावर कोणी राहतं का, तिथे मोरी कुठे आहे, हे बघाच. वरच्याची मोरी तुमच्या डोक्यावर असेल तर पाणी मुरून कड्यांची टोकं भिंतीत कुजतात, आणि कडी कुजते ती नेमकी न दिसणाऱ्या जागी. कडीपाटावर काळसर-पांढरा डाग दिसला की समजा वर पाणी आहे. नुकताच ऑइलपेंट मारला असेल तर दुप्पट संशय घ्या.

जिना चढून उतरून बघा, शक्यतो आईला घेऊन. अंधारा, उभा, आधाराला दोर लटकवलेला असा जिना तुम्हाला आठ दिवसांत सवयीचा होईल. तिला होणार नाही. गॅसचा सिलिंडर वर कोण नेणार, हेही तेव्हाच आठवेल.

संडास सामाईक असेल तर किती बिऱ्हाडांत आणि साफसफाई कुणाकडे, हे विचारा. वीजमीटर स्वतंत्र आहे की मालकाच्या मीटरवरून सबमीटर, ते बघा. सबमीटर असेल तर युनिटचा दर आधी लिहून घ्या. एका ठिकाणी माझ्याकडून महावितरणच्या दराच्या जवळजवळ दुप्पट घेत होते. मला ते सात महिन्यांनी कळलं, तेही शेजाऱ्यांचं बिल चुकून माझ्या हातात आलं म्हणून.

खोली केवढी आहे हे जुने लोक चौरस फुटांत सांगत नाहीत. "तीन खणी आहे" म्हणतात. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. खण सगळीकडे सारखा नसतो, तेव्हा टेप घेऊन जा.

वाड्यात राहूच नका असं मी म्हणत नाहीये. मे महिन्यात आमच्या माजघरात पंखा बंद ठेवून झोप लागायची, आता तिसऱ्या मजल्यावर स्लॅबखाली रात्री दोनला उठून आंघोळ करतो. मुलगी चौकात चालायला शिकली, चार घरांच्या देखरेखीखाली. त्याचं भाडं कुणी लावलं नव्हतं.

वाड्याला महापालिकेची नोटीस आलीय. मालक म्हणतात दरवर्षीच येते. खरं का?

दोन्ही खरं. पावसाळ्याआधी महापालिका जुन्या वाड्यांची पाहणी करून नोटिसा लावते, आणि त्या बऱ्याच ठिकाणी दरवर्षी येतात हेही खरं. पण सगळ्या नोटिसा एक नसतात. प्रवर्ग वाचा. सी-1 म्हणजे अतिधोकादायक, रिकामा करून पाडायचा. सी-2 म्हणजे मोठी दुरुस्ती हवी, सी-3 म्हणजे किरकोळ. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 खाली धोकादायक बांधकाम उतरवायला सांगण्याचा अधिकार पालिकेला आहे.

सी-1 असेल तर भाडं कितीही कमी असो, घेऊ नका. राहत असाल तर निघा. आमच्या वाड्याला 2019 मध्ये नोटीस आली तेव्हा मीही "दरवर्षीच येते" म्हणणाऱ्यांतला होतो. जुलैत एका रात्री मागच्या सोप्याची भिंत बसली. कुणाला लागलं नाही, कारण त्या बिऱ्हाडातली माणसं लग्नाला गेली होती. सकाळी मातीच्या ढिगातून त्यांचं मिक्सर बाहेर काढलं, ते चालू होतं. आम्ही त्याच आठवड्यात जागा बघायला लागलो.

करार अकरा महिन्यांचाच का? नोंदणी लागते का?

"अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही" हे वाक्य तुम्हाला नक्की ऐकू येईल. महाराष्ट्रात ते चूक आहे. 1999 च्या कायद्याच्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा) करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदवायची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि करार नोंदवलेला नसेल तर वादाच्या वेळी अटींबाबत तुमचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं ठरेपर्यंत. मालकाला ही शेवटची ओळ वाचून दाखवली की तो स्वतःच नोंदणीसाठी अंगठ्याचं मशीन घेऊन येणाऱ्या माणसाला फोन लावतो.

खर्च फार नसतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून मिळवतात. भाडं 12,000, डिपॉझिट 50,000, मुदत 11 महिने असेल तर शुल्क साडेतीनशे रुपयांच्या आसपास येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. वर एजंटचा मेहनताना. हा खर्च कुणी करायचा ते आधी बोला, बहुतेक जण निम्मा-निम्मा करतात.

नोंदवलेल्या कराराची प्रत लागते सगळीकडे: गॅस, बँक, आधारवरचा पत्ता, ऑफिसातला घरभाडे भत्ता. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर मालकाचा पॅनही द्यावा लागतो, आणि तेव्हा काही मालकांचा चेहरा उतरतो.

मालक म्हणतात कॉटला कसला करार?

कॉट बेसिसवर करार क्वचितच होतो, हे मान्य करूनच बोलू. निदान भाडं ऑनलाइन द्या आणि खाली "जून भाडं" असं लिहा. रोखच मागत असतील तर पावती मागा, आणि पावती देत नसतील तर पैसे दिल्यावर लगेच मेसेज टाका, "काका, जूनचे दिले." उत्तरात त्यांनी नुसता अंगठा पाठवला तरी तुमच्याकडे काहीतरी राहिलं.

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं ही मालकाची जबाबदारी आहे, पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर ती ऑनलाइन भरता येते. मालक टाळत असतील तर तुम्ही मागे लागा. त्यात तुमचंच भलं आहे.

पागडीची खोली स्वस्तात मिळतेय. घेऊ का?

जुना संरक्षित भाडेकरू, म्हणजे ज्याला भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण आहे तो, आपला हक्क दुसऱ्याला देतो, त्याबद्दल एकरकमी रक्कम घेतो, ती पागडी. 1999 च्या कायद्याने अशी रक्कम घेणं कायदेशीर केलं, पण मालकाची संमती लागते आणि मालक त्यातला वाटा मागतो. मालकाला न कळवता, स्टँपपेपरवर, "आमचं चाळीस वर्षांचं आहे, कोण विचारतंय" म्हणणाऱ्याकडून घेतलीत, तर तुम्ही काहीच घेतलेलं नाही. आणखी एक प्रकार चालतो: जुना भाडेकरू स्वतः हडपसरला फ्लॅटमध्ये राहतो आणि वाड्यातली खोली तुम्हाला पोटभाड्याने देतो. त्याला चाळीस रुपये भाडं, तुम्हाला सात हजार. मालकाने दावा लावला तर तोही जातो आणि तुम्हीही. भाडेपावती कुणाच्या नावाची आहे, एवढं एक बघितलं तरी हे कळतं.

वाडा बिल्डरकडे गेला तर मला काय मिळेल?

लिव्ह अँड लायसन्सवर असाल तर काही नाही. मुदत संपली की निघायचं. मुदतीनंतर अडून बसलात तर 1999 च्या कायद्याच्या कलम 24 प्रमाणे ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम मागता येते. नव्या इमारतीत जागा वगैरे बोलणी होतात ती जुन्या संरक्षित भाडेकरूंशी. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हा हक्क जातो. तुमची आजी तशी भाडेकरू असेल तर पावत्या, रेशनकार्ड, लाइटबिलं जपा, खोलीचं मोजमाप घेऊन फोटो काढून ठेवा आणि वकिलाला भेटा. शेजाऱ्याच्या सल्ल्यावर बिल्डरच्या कागदावर सही नको.

पाणी कसं आहे?

नळाला ठरलेल्या वेळी येतं, तळमजल्याला जोरात आणि तिसऱ्याला कसंबसं. वर टाकी आहे का, मोटर कुणाची, चालू-बंद कोण करतं हे विचारा. दुरुस्तीसाठी अधूनमधून गुरुवारी पाणी बंद असतं, पेपरात येतं. बुधवारी रात्री पिंप भरून ठेवायची सवय लावून घ्या. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने पेठांतल्या हौदांत पाणी आणलं होतं. काही वाड्यांत अजून जुने हौद, विहिरी दिसतात. बघायला छान, प्यायला नको.

गाडी कुठे लावायची?

चारचाकी आणूच नका. दुचाकी चौकात लावायची परवानगी आहे का ते विचारा, करारात घाला. रस्त्यावर लावणार असाल तर पी-1, पी-2 चे बोर्ड बघा, सम-विषम तारखेप्रमाणे बाजू बदलते. एकतीस तारखेनंतर एक तारीख येते, दोन्ही विषम. त्या रात्री गोंधळून मी नको तिथे गाडी लावली आणि गाड्या उचलून नेणाऱ्या टेंपोमागून पळत गेलोय.

बाजीराव रस्ता दक्षिणेकडे एकेरी, शिवाजी रस्ता उत्तरेकडे. स्वारगेट, मंडई, कसबा पेठ, जिल्हा न्यायालय ही भुयारी मेट्रो सप्टेंबर 2024 पासून चालू आहे. मंडईजवळ खोली असेल तर गाडीविना भागतं.

पुराची भीती आहे का?

12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतले वाडे वाहून गेले. तिथल्या सिमेंटच्या बऱ्याच जुन्या इमारती त्यानंतरच्या आहेत. हल्ली खडकवासल्यातून विसर्ग वाढला की पहिला भिडे पूल पाण्याखाली जातो. नदीकाठच्या गल्लीत तळमजला घेत असाल तर शेजाऱ्यांना विचारा, पाणी कुठवर येतं. बाकी पेठेला काळजी नाही.

गणपतीत काय होतं?

तुम्ही दहा दिवस घरी चालत येता. संध्याकाळी रस्ते वाहनांना बंद होतात, लक्ष्मी रस्त्याजवळ राहत असाल तर रिक्षा अलका चौकातच सोडते. विसर्जन मिरवणूक सकाळी मंडईतून निघते आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, चोवीस तासांहून जास्त. घरात आजारी माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर आदल्या दिवशी औषधं, दूध आणून ठेवा, किंवा सरळ नातेवाइकांकडे जा. नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव काही आठवडे आधी सुरू होतो, नारायण पेठेत तो घरात बसून ऐकू येतो.

आणि पाहुणे. एरवी वर्षभर ज्यांना तुमचा पत्ता लक्षात राहत नाही ते मानाचे गणपती बघायला बरोबर येतात. पहिल्या वर्षी आमच्या दोन खोल्यांत अकरा माणसं झोपली होती. मिरवणुकीतला स्पीकर गल्लीच्या तोंडाशी आला की कडीपाटातून बारीक माती ताटात पडायची. बायको दहा दिवस भातावर झाकण ठेवून वाढायची.

एकटी मुलगी, मांसाहारी, "आडनाव काय?" हे प्रश्न खरंच विचारतात का?

विचारतात. सरळ नाही विचारलं तर "गाव कुठलं, तिकडे कुणाकडे?" असं फिरवून विचारतात. मला दोन ठिकाणी आडनाव सांगितल्यावर "आत्ताच एकांना शब्द दिला" असं सांगितलं, आणि पाटी पुढे महिनाभर तशीच होती. हे चूक आहे, आणि पुणं विद्येचं माहेरघर वगैरे म्हणून झाकता येणार नाही. ज्या घरात असं विचारलं गेलं तिथे कसंबसं शिरण्यात अर्थ नाही, पुढचे अकरा महिने तुमच्या डब्याचा वास घेतला जाईल. याच पेठांत याबाबत काहीही न विचारणारी घरंही मिळतात, वेळ थोडा जास्त लागतो.

मुलींसाठी स्वतंत्र खोल्या आणि मेस भरपूर आहेत. रात्री किती वाजता दार बंद होतं, अभ्यासिकेतून उशिरा आलं तर काय, हे विचारा. दाराची किल्ली तुमच्याकडे असेल ती जागा घ्या.

दुपारी एक ते चार मालकांना फोन करावा का?

नका करू. विनोद म्हणून नाही. माणूस सत्तर वर्षांचा असतो, झोपलेला असतो.

डिपॉझिट परत मिळतं का? घर सोडताना काय करू?

बहुतेक मिळतं, पण पूर्ण मिळतंच असं नाही. रंगाचे पैसे कापायचा रिवाज आहे. करारात रंगाबद्दल लिहिलं नसेल तर भांडा. आत शिरल्या दिवशी भिंतींचे, नळांचे, मोरीच्या फरशीचे तारखेसह फोटो काढले असतील तर भांडण पाच मिनिटांत संपतं. महिनाभर आधी लेखी कळवा, मेसेजही चालतो, करारात नोटिशीची मुदत किती ते बघून. शेवटचं भाडं "डिपॉझिटमधून कापा" म्हणू नका, तिथूनच वाजायला लागतं.

सामान हलवायच्या दिवशी मालकांना खोलीत बोलवा, मीटरचा आकडा दोघांनी मिळून वाचा, फोटो काढा, किल्ली हातात द्या आणि पैसे तिथेच खात्यावर घ्या. आमच्या वाड्याच्या काकांनी सगळे परत केले, वर एक जुना पितळी कडी-कोयंडा काढून दिला, पाडताना तो भंगारात जाणार म्हणून. तो आता शुक्रवार पेठेतल्या आमच्या बाथरूमच्या दाराला आहे, आणि बाहेरून कडी लागली की आत अडकलेल्याला हाका माराव्या लागतात.